सात वीसची बस

सुई नीट आत गेली होती, नळीत रक्त चढायला लागलं होतं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. एरवी पंचशीलेनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पलासियाच्या त्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी आलेल्यांची रांग दारापर्यंत असते, आणि उपाशी माणूस चहा मिळेपर्यंत साऱ्या जगाचा सासरा असतो. पण स्क्रीनवर शाळेचं नाव होतं. ‘नंदिनी, पाचवी ब, आज गैरहजर. कृपया कारण कळवा.’

“मॅडम, खून टपक रहा है!” समोरचे गृहस्थ ओरडले.

तिनं कापूस दाबला, पट्टी चिकटवली, सॉरी म्हटलं की नाही ते तिला आठवत नाही. गैरहजर? तिची नंदू? चूक असणार. दुसरी कुणी नंदिनी असेल. तिनं बाजूच्या खोलीत जाऊन वर्गशिक्षिकेला फोन लावला.

“नंदिनी की मम्मी ना? बसवाली दीदी बोल रही है, बच्ची स्टॉप पे थी ही नहीं. हमने सोचा, बीमार होगी.”

पंचशीला तिथल्या स्टुलावर बसली.

आणि हे कुणाच्या घरी व्हावं? तिच्या! गेल्याच शनिवारी पालकसभेत याच शिक्षिकेनं तिला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. यांच्या घरी सकाळी काहीच गडबड होत नाही, मुलगी वेळेवर, डबा वेळेवर, जरा बाकीच्यांना सांगा कसं जमवलंत. पंचशीलेनं सांगितलं होतं. दप्तर रात्री भरायचं, मोजे बुटातच ठेवायचे, सकाळी टीव्ही नाही, आणि मुख्य म्हणजे कुणीच आवाज चढवायचा नाही. आयांनी फोनमध्ये लिहून घेतलं होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

“अहो, नंदू कुठंय?”

“शाळेत,” बुद्धरत्न म्हणाला. अर्ध्या गालाला साबण असणार, आवाजावरून कळत होतं.

“शाळेत नाहीये. बसमध्ये चढलीच नाही ती.”

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

*

स्नेहलतागंजच्या त्या दुसऱ्या मजल्यावर गेले दोन महिने इतकी शांतता होती, की खालच्या बिऱ्हाडातल्या सुलोचनाकाकूंनी एकदा वर येऊन विचारलं होतं, सगळे ठीक आहेत ना. त्यांचं काय चुकलं? दिवाळीआधीचं सगळं त्यांनी फुकटात ऐकलं होतं.

तेव्हा दारात व्हॅन यायची. व्हॅनवाले उदयसिंह हॉर्नवर एकदा हात ठेवला की काढत नसत. वर एक मोजा सापडायचा नाही. फौजेतून रिटायर झालेले सासरे भाऊराव दारात उभे राहून “टाइम! टाइम!” करत, जसं काही महूच्या छावणीच्या मैदानावर पलटण उभी आहे. सासूबाई मीराबाई डब्यात पोळी कोंबत सुनेच्या नावानं बोटं मोडायच्या, बुद्धरत्न बाथरूममधून ओरडायचा की माझ्यावर कुणी ओरडू नका. आणि पंचशीला? ती लॅबला सकाळी पावणेसहालाच निघते. म्हणून ती तिथून फोन करायची आणि म्हणायची, स्पीकरवर टाका. मग पाच किलोमीटरवरून ती ओरडायची. एकदा तर नंदिनीनं दारातच सगळं दूध युनिफॉर्मवर ओकून टाकलं होतं आणि त्यावरही चौघांचं भांडण झालं होतं, दूध जास्त गरम कुणी दिलं यावरून.

दिवाळीनंतर व्हॅन बंद झाली. शाळेची बस चौकातल्या बँकेसमोर थांबायला लागली. बसच्या वेळेचा मेसेज फक्त पंचशीलेच्या फोनवर आला, तो तिनं घरी सांगितला, आणि जादू व्हावी तशी ही शांतता आली. जो तो मनात म्हणत होता, मी जमवलं. इथंच सगळी ग्यानबाची मेख होती, पण ती कुणाला दिसली नव्हती.

बुद्धरत्न तसाच, बनियानवर, चौकापर्यंत धावत गेला. बँकेचं शटर बंद. फुटपाथवर एकही पोर नाही. चहाच्या टपरीवाल्यानं नुकताच स्टोव्ह पेटवला होता. “स्कूल बस? वो तो कब की गई भिया.” बच्ची? त्यानं नाही पाहिली, तो आत्ताच आला.

घरी परत आला तेव्हा त्याचा मोठा भाऊ नरेंद्र शर्टाची बटणं लावत उभा होता. नरेंद्र महूला राहतो, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला, डोळे तपासायला काल संध्याकाळीच आला होता. या घरातल्या राजकारणात तो आठ वर्षांपूर्वी वेगळा झाला तेव्हापासून नव्हता, आणि त्याला त्याचं फार सुख होतं.

“मिळाली?”

“नाही दादा.”

मीराबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सत्तरीची, तोंडानं फटकळ बाई. “अरे, असं कसं? मी डबा दिला. हात करून गेली पोरगी.”

“एकशे बारा लाव,” नरेंद्र म्हणाला, आणि धाकट्याची वाट न बघता त्यानं स्वतःच लावला, स्पीकरवर. पोलिसांतली बाई शांतपणे विचारत गेली. नाव. वय. कपडे. मरून स्वेटर, दोन वेण्या.

“घर से कितने बजे निकली?”

“सात बजे,” बुद्धरत्न म्हणाला. “सात-दस की बस है.”

“काय सात?” मीराबाई म्हणाल्या. “सहा पंचावन्नची बस आहे ना रे? तूच तर सांगितलंस.”

“आई, एक मिनिट—”

“कोई एक बताइए,” फोनमधली बाई म्हणाली.

तेवढ्यात पंचशीला दारातून आत आली. स्कूटीची किल्ली हातात, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि अंगात लॅबचा पांढरा कोट. तिनं फक्त शेवटचं ऐकलं होतं. “बस सात वीसची आहे! सात वीसची!”

बाल्कनीतून भाऊराव आत आले. पंचाहत्तरीचा ताठ माणूस, फिरून आल्यावर अजून मफलर काढला नव्हता. “मी सहा वीसला पाठवली,” ते म्हणाले. “बस सहा चाळीसची. मी रोज सहा वीसलाच पाठवतो.”



“मॅडम,” फोनमधली बाई म्हणाली, “आप सब एक ही घर में रहते हैं ना?”

*

मीराबाईंना आधी कळलं नाही. डबा दप्तरात घातला की त्यांचं काम संपे; पोरगी निघते कधी, ते त्यांनी घड्याळात कधी बघितलंच नव्हतं. बाहेर आत्ता आठ वाजून गेल्यावरही ऊन नीट नव्हतं. सहा वीसला? जानेवारीत? तेव्हा तर मिट्ट काळोख असतो, गल्लीतली कुत्रीसुद्धा अंग मुडपून पडलेली असतात.

“अहो, तुम्हाला सहा चाळीस कुणी सांगितलं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना आठवलं. सांगितलं त्यांनीच होतं.

“तू सांगितलंस.”

“मी… तुम्हाला बूट शोधायला, मफलर घालायला, तिला दहा वेळा बजावायला वेळ लागतो. म्हणून मी पंधरा मिनिटं आधीचं सांगितलं. बुद्धरत्ननं मला सहा पंचावन्न सांगितलं होतं.”

“मी आईला पंधरा मिनिटं कमी करून सांगितलं,” बुद्धरत्न खाली बघत म्हणाला. “डबा नेहमी लेट व्हायचा यार. मला हिनं सात दहा सांगितलं होतं.”

सगळे पंचशीलेकडे बघायला लागले. तिनं आत्ता हेल्मेट काढलं.

“दहा मिनिटं,” ती म्हणाली. “फक्त दहा. तुम्ही कधी बाथरूममधून वेळेवर बाहेर आलात? सांगा ना!”

“म्हणजे मीच का?”

“मग मी का? मी तुम्हाला सांगितलं, आईंना नाही! तुम्ही खोटं का सांगितलं?”

“आणि तू खरं सांगितलंस?”

“त्याच्यावर ढकलू नकोस गं तू,” मीराबाई सुनेला म्हणाल्या, मुलाच्या बाजूनं. दुसऱ्याच क्षणाला मुलावर उलटल्या. “आणि तू रे? आईला फसवतोस? सात वाजेपर्यंत अंथरुणात लोळतोस, पोरगी घराबाहेर पडते ते तुला माहीत नाही!”

“मला वाटायचं, तू भारी काम करतेस. मी उठायचो तर सगळं आवरलेलं. मी शहाण्यासारखा गप्प बसायचो.”

“बस!” नरेंद्र म्हणाला. मोठ्यानं नाही, पण फौजी माणसाच्या त्या आवाजानं सगळे गप्प झाले. “बाबा, तुम्ही वीस मिनिटं कशाला?”

भाऊरावांनी मफलर सोडला, परत गुंडाळला. काय सांगायचं? पोराला माहीत नव्हतं का? दोघांनी एकच वर्दी घातली होती. साहेब म्हणे परेड सहाला. सुभेदार सांगे पावणेसहा, आपली बेइज्जती नको म्हणून. हवालदार सांगे साडेपाच. आणि जवान? जवान पाचपासून थंडीत उभा. भाऊराव स्वतः तसे उभे राहिले होते, बोटं बधिर होईपर्यंत, आणि तेव्हा त्यांनी वरच्या प्रत्येकाला मनात शिव्या घातल्या होत्या. मग स्वतः सुभेदार झाले आणि तेच केलं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तशीच रीत आहे.

“परेड,” ते एवढंच म्हणाले.

नरेंद्रनं मान हलवली. त्याला हसू येईल असं क्षणभर वाटलं, पण आलं नाही. “वाह रे खानदान. पलटण केली घराची. आणि जवान कोण, तर दहा वर्षांची पोर.”

भाऊराव खुर्चीवर बसले. उभ्या जन्मात कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. रोज सकाळी ते दारात तिच्या पाठीवर थाप मारत, ‘शेरनी’ म्हणत, आणि स्वतः उलट्या दिशेनं बागेत फिरायला जात. एकदाही चौकापर्यंत गेले नव्हते. पोरीला धीट करायचं होतं.

“दोन महिने,” पंचशीला म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते, पाणी नव्हतं त्यांत. “दोन महिने ती रोज एक तास त्या चौकात एकटी उभी राहते. स्टेशन इथं दोन पावलांवर आहे. कोण कोण उतरतं तिथं रात्रीच्या गाड्यांनी! आणि मी शाळेत भाषण देऊन आले. शांत सकाळ म्हणे. तोंडात मारा माझ्या कुणीतरी.”

“भाषण नंतर,” नरेंद्र म्हणाला. पोलिसांतल्या बाईला खरी वेळ सांगून त्यानं फोन ठेवला होता. “आता टाइम कळला ना खरा? मग विचार करा. सात वीसला चौकात सगळं जग असतं, सहा वीसला नसतं. सहा वीसला त्या चौकात कोण जागं असतं, ते शोधायचं. चला.”

*

पेपर टाकणारे असतात, पण ते साडेसहाला पांगतात. दुधाची गाडी येते आणि जाते. टपरीवाल्यानं डोकं खाजवलं. “फूलवाली अम्मा होगी भिया. बैंक की साइड में, जीने के नीचे. चार बजे से बैठती है.”

बँकेच्या बाजूला एक बोळ आहे, आणि बोळात वर जाणाऱ्या लोखंडी जिन्याखाली झेंडूच्या पोत्यांचा ढीग होता. बुद्धरत्न तासाभरापूर्वी या बोळाच्या तोंडावरून दोनदा धावला होता. रस्त्यावरून काही म्हणता काही दिसत नाही. आत एक शेगडी होती, कोळसे राखेत गेलेले, आणि पोत्यांना टेकून, तपकिरी शालीत गुंडाळलेली, तोंड उघडं टाकून झोपलेली नंदिनी.

पंचशीलेच्या तोंडून असा आवाज निघाला की बोळातली कबुतरं उडाली.

“शू!” ओंजळभर फुलं घेऊन पलीकडून आलेली म्हातारी दटावून म्हणाली. “झोपू द्या लेकराला. कोण तुम्ही?”

“मी आई तिची!”

फूलवाल्या अम्मानं, म्हणजे द्वारकाबाईंनी, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पांढऱ्या कोटासकट. “अच्छा. रक्तवाली मम्मी.” मग बाकीच्यांवर नजर गेली. “हे फौजी आजोबा. ह्या डब्याच्या आजी. आणि हे उशिरा उठणारे. हे कोण, ते नाही माहीत,” नरेंद्रकडे बोट करून त्या म्हणाल्या.

या बाईला त्यांच्यातल्या कुणीही आजवर पाहिलं नव्हतं. तिला मात्र सगळं घर पाठ होतं. मीराबाईंनी पदर तोंडाला लावला.

“आज मी हार द्यायला गेले मंदिरात,” द्वारकाबाई सांगत होत्या. “हिला म्हटलं, शेगडीजवळ बस, बस आली की जा. परत येऊन बघते तर झोपलेली, आणि बस गेलेली. कपाळाला हात लावला, जरा गरम लागलं. मला उठवू नाही वाटलं. फोन नाही माझ्याकडे. वाटलं, घरचे येतील शोधत. पण फिर मला वाटलं, येतील की नाही.”

“म्हणजे काय?” बुद्धरत्न भडकला. “का नाही येणार?”

“भिया, रागवू नका. अंधारात लेकरू रोज घराबाहेर काढतात, एक घंटा आधी. पहिल्या दिवशी ही त्या खांबाला धरून उभी होती, दात वाजत होते. मी समजले, घरात काही झगडा असेल, दारू असेल. मी रोज केस विंचरून देते. चहा देते, आधा कप. अजून काय करणार मी?”

बुद्धरत्नचा राग जिथल्या तिथे विरला. केस? वेण्या तर रोज घरून घालून जायची. की नव्हती जात? चौघांपैकी एकालाही सांगता येईना.

पंचशीला गुडघ्यांवर बसली, शाल बाजूला केली, कपाळाला हात लावला. ताप होता, फार नाही. त्या स्पर्शानं नंदिनीनं डोळे उघडले. समोर आई, बाबा, आजी, आजोबा, मोठे काका, सगळे एका रांगेत. ती ताडकन उठून बसली आणि दोन्ही हात कानांवर नेले.

“ओरडू नका, ओरडू नका, मी उठले! मी तयार आहे!”

“नाही गं राजा, कुणी नाही ओरडत,” पंचशीला तिला जवळ ओढत म्हणाली. आता मात्र तिला रडू फुटलं. “आमचं चुकलं. आम्ही तुला बसचा टाइम चुकीचा सांगितला. बस सहा चाळीसची नाहीये, बाळा, ती—”

“सात वीसची आहे,” नंदिनी म्हणाली.



“तुला माहीत होतं?” बुद्धरत्ननं विचारलं.

“मग काय? रोज त्याच टाइमला तर येते.”

“मग सांगितलं का नाहीस? पहिल्याच दिवशी सांगायचं ना, नंदू!”

नंदिनीनं आधी आजोबांकडे बघितलं, मग आजीकडे. कुणाचं तोंड कसं आहे, याचा अंदाज घ्यायची तिला सवयच होती. “पहिल्या दिवशी सांगणार होते. पण त्या दिवशी घरात कुणी ओरडलं नाही. मग दुसऱ्या दिवशी पण नाही. सगळे खूश होते. आजोबांनी मला शेरनी म्हटलं. आई फोनवर पण छान बोलली.” ती थांबली. “मी सांगितलं असतं तर परत तसंच झालं असतं ना.”

“थंडी नाही वाजायची का गं?” भाऊरावांनी विचारलं.

“वाजायची. पण चालतं. इथं अम्मा हळू बोलते.”

भाऊरावांनी मफलर काढला आणि नातीच्या गळ्यात घालायला वाकले, पण त्यांच्या हातांना गाठ जमेना. शेवटी नरेंद्रनं ती मारली. मीराबाई द्वारकाबाईंचे हात धरून काहीतरी म्हणत होत्या, धन्यवाद म्हणत होत्या की माफी मागत होत्या, त्यांनाच माहीत. पोलिसांना सांगायला हवं, म्हणून बुद्धरत्ननं फोन काढला, आणि किती वाजता सापडली असं विचारतील म्हणून घड्याळ बघितलं. मग वेळ चुकायला नको म्हणून त्यानं परत एकदा बघितलं.

पंचशीलेनं डोळे पुसले. एक गोष्ट तरी आपल्या हातात आहे, हे आठवून तिला जरा बळ आलं. तिनं लेकीचे दोन्ही गाल हातांत धरले.

“ऐक. आता हे सगळं बंद. उद्यापासून कुणी टाइम कमी करून सांगायचा नाही. तू निघायचं बरोबर सात दहाला, आणि बाबा सोडायला येतील. तोपर्यंत मस्त उबेत, घरात बसायचं. सगळ्यांबरोबर. ठीक आहे?”

तिला वाटलं, पोर गळ्यात पडेल. नंदिनी तिच्या हातांतून मागे सरकली. सरकत सरकत ती द्वारकाबाईंच्या लुगड्यापर्यंत गेली आणि त्यांचा पदर मुठीत धरला.

“इतका वेळ घरातच?” तिनं विचारलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच रडायला लागली.